मागची बाजू दाखव! – बायोचं भरतकाम आणि कापडावर सांगितलेल्या गोष्टी

सुईदोरा

आई पहिल्यांदाच इकडे रेडिंगला आली आहे. तिनं मिरजेत तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले. थेम्स, राजवाडा, मोठं घड्याळ हे सगळं तिनं "हो, छान आहे" म्हणत बघून टाकलं. मग एका पावसाळी दुपारी आमच्याच गावातल्या म्युझियममध्ये तिला बायो टॅपेस्ट्रीची नक्कल बघायला नेलं आणि बाई दोन तास हलल्या नाहीत. पहिलं वाक्य काय, तर "मागची बाजू दाखव म्हणावं."

काचेमागे आहे, दाखवणार कशी? पण तिचं म्हणणं बरोबर होतं. क्लासमध्ये कुणी रुमाल आणला की ती आधी तो उलटा करायची. पुढून सगळ्याच भरतात चांगलं, मागून कळतं कुठे दोरा ओढत नेलाय आणि कुठे गाठीवर गाठ मारलीय.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायो हे फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं गाव. (फ्रेंच उच्चार नक्की बायो नाही, पण जवळपास तसाच. आमच्या कोकणातल्या आत्याला नाव फार आवडलं, ती सगळ्या मुलींना 'गो बायो' म्हणूनच हाक मारते.) तिथे सुमारे ७० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद अशी लिननची पट्टी आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानं समुद्र ओलांडून इंग्लंड कसं जिंकलं, ती गोष्ट त्यावर रंगीत लोकरीनं भरली आहे. सहाशेहून जास्त माणसं, दोनशेच्या आसपास घोडे, चाळीसेक जहाजं. हे काम १०७० च्या दशकात झालं असावं, तेही बहुधा इंग्लंडमध्येच, कँटरबरीच्या आसपास. सांगायला लावणारा बहुतेक ओडो, म्हणजे विल्यमचा सावत्रभाऊ आणि बायोचा बिशप.

रेडिंगमध्ये आहे ती १८८५-८६ मधली नक्कल. स्टॅफर्डशरमधल्या लीक गावच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी पस्तीसेक बायका जमवल्या आणि सगळीच्या सगळी पट्टी साधारण वर्षभरात पुन्हा भरली. मुळात काही माणसं बिनकपड्यांची आहेत. बायकांना नमुना म्हणून जे फोटो मिळाले, त्यांत कुणीतरी आधीच एकाला चड्डी चढवून ठेवली होती, म्हणून नकलेतही चड्डी आली. आई यावर इतकी हसली की तिथला माणूस वळून बघायला लागला.

मग ती गप्प झाली. नकलेत प्रत्येक बाईनं आपण भरलेल्या भागाखाली आपलं नाव भरलंय. आई ती नावं एकेक करून वाचत गेली. शेवटी म्हणाली, "आणि खऱ्यावर?"

खऱ्यावर एकाही भरणाऱ्याचं नाव नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. युद्ध जिंकलं नॉर्मन लोकांनी, पैसे दिले नॉर्मन बिशपनं, आणि सुई होती बहुधा हरलेल्या इंग्रज बायकांच्या हातात. मग ही गोष्ट नक्की कुणाची? कापडावर गोष्ट सांगणारी अशी आणखी कामं कुणी पाहिली असतील तर लिहा. आईला वाचून दाखवणार आहे.

साळ्याचा_नातू

छान धागा (शब्दश:). एक दुरुस्ती मात्र करू द्या, आमच्या घरात यावरून जेवणाच्या ताटावर भांडणं झालीत.

ही टॅपेस्ट्री नाहीच. टॅपेस्ट्री मागावर विणतात. चित्र हे कापडावर नसतं, चित्र म्हणजेच कापड असतं. बाणा (आडवा धागा) एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही, प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या जागेपुरता पुढे-मागे फिरतो. बायोचं काम आधी विणलेल्या कापडावर सुईनं केलेलं आहे, म्हणजे सरळ सरळ भरतकाम.

आणि खरी टॅपेस्ट्री बघायची तर युरोपला जायला नको, पैठणीचा पदर बघा. मोर, पोपट, आसावली, सगळं छोट्या छोट्या कांड्यांनी रंगागणिक वेगळा बाणा टाकून, शेजारच्या रंगात अडकवत विणलेलं. आजोबा गिऱ्हाइकाला पदर उलटा करूनच दाखवायचे. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात, मागे लोंबते धागे नसतात. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं आणि आजोबांचं जमलं असतं.

सुईदोरा

नमस्कार पोचवला. "बघ, विणकर बरोबर बोलतोय" असं उत्तर आलंय. नाव मात्र टॅपेस्ट्रीच रूढ झालंय, त्याला इलाज नाही.

तिरकस

धागा उघडला, त्यात टाका घातला. आता उसवू नका.

मला त्यातला लढाईच्या आधीचा स्वयंपाक आवडतो. जहाजातून उतरल्यावर पहिलं काम काय, तर कोंबड्या सळईवर भाजायच्या! ढाली आडव्या टाकून त्यांचंच टेबल केलंय. वर लॅटिनमध्ये लिहिलंय, "इथे मांस शिजतंय." मग बिशप ओडो जेवणाला आशीर्वाद देतो. पुढे हाच बिशप घोड्यावर बसून हातात सोटा घेऊन लढाईत. वर मजकूर, "इथे बिशप ओडो सोटा धरून पोरांना धीर देतोय."

पैसे कुणी दिले याचा आणखी पुरावा कशाला हवा? आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर महाराजांपेक्षा 'सौजन्य'वाल्याचा फोटो मोठा असतो, त्यातलाच प्रकार.

चिकित्सक

तिरकस यांनी गमतीत सांगितलंय पण अभ्यासकांचा युक्तिवाद साधारण असाच आहे. ओडोचे दोन साधे आश्रित, वाडार्ड आणि व्हिटाल, यांची नावं पट्टीवर ठळक लिहिली आहेत. इतिहासात त्यांना काडीचं महत्त्व नाही. ओडोला केंट परगणा मिळाला तेव्हा त्यांना तिथे जमिनी मिळाल्या, एवढंच. साहेबाच्या माणसांची नावं येतात, भरणाऱ्यांची येत नाहीत.

पण 'हरलेल्या बायकांनी गुपचूप आपली बाजू भरली' हे जे आता बरेच जण म्हणतात, ते मला जरा जास्तच गोड वाटतं. चित्राचा आराखडा काढणारा वेगळा होता. कँटरबरीच्या सेंट ऑगस्टीन मठातल्या हस्तलिखितांमधल्या चित्रांशी त्यातल्या काही आकृत्या चांगल्याच जुळतात. म्हणजे गोष्ट कुठे वळवायची हे ठरवलं रेखाटणाऱ्यानं. सुईवाल्यांनी आखून दिलेल्या रेघा भरल्या. हिमाचलच्या चंबा रुमालातही तेच. पहाडी शैलीतले चित्रकार कोळशानं रेखाटन करून देत, बायका त्यावर रेशीम भरत. कुरुक्षेत्राचं अख्खं युद्ध भरलेला चंबाचा एक लांबलचक पट्टा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो बघून 'या बायका कौरवांच्या बाजूच्या होत्या का' असं आपण विचारत नाही.

घाटावरची_माई

चंबा रुमालाचं नाव निघालं म्हणून लिहिते. त्याला दो-रुखा टाका म्हणतात. दुहेरी धावदोऱ्यासारखा भरत जायचा, पुढून जसा तसाच मागून. गाठ कुठेच दिसत नाही. मी एकदा शिकायचा प्रयत्न केला होता, तिसऱ्या पाकळीला गाठ पडली आणि मी सोडून दिलं. तुमच्या आईंना त्यात मागची बाजूच सापडणार नाही, काय करतील?

सुईदोरा

आई म्हणते, "मग तो रुमाल मी पुढून बघेन."

@चिकित्सक, आराखड्याचा मुद्दा मान्य. पण आखणारा तरी पूर्ण नॉर्मन बाजूचा होता का? विल्यमनं ज्याला हरवलं तो हॅरल्ड या गोष्टीत खलनायक असायला हवा. त्यानं बायोमध्ये पवित्र अवशेषांवर हात ठेवून विल्यमला शपथ दिली आणि मग ती मोडून स्वतः राजा झाला, असा नॉर्मन आरोप. तरीही माँ-सँ-मिशेलजवळच्या रुतणाऱ्या वाळूतून नॉर्मन सैनिकांना बाहेर ओढून काढणारा कोण? हॅरल्डच. एक पाठीवर आणि एक हाताला धरून! आणि तो गादीवर बसतो तेव्हा वर स्पष्ट लिहिलंय, "इथे इंग्रजांचा राजा हॅरल्ड बसला आहे." वीस वर्षांनी विल्यमनं करवलेल्या जमीनदप्तरात, डूम्सडे बुकात, त्याला राजा म्हणायचंच टाळलंय, तिथे तो नुसता सरदार. कापडावर तो राजाच राहिला.

बखरवाला

अक्षरांकडेही बघा. हॅरल्डचे दोन भाऊ मारले जातात तिथे ग्यर्थ हे नाव लिहिताना शेवटचं अक्षर लॅटिन नाही, जुन्या इंग्रजीतलं आहे, 'थ/ध'साठीचं. लढाई झाली त्या हेस्टिंग्जचं नावही इंग्रजी वळणानं लिहिलंय. मजकूर लॅटिनमध्ये असला तरी लिहिणाऱ्याच्या जिभेवर इंग्रजी होती. कागदपत्रं वाचताना आम्ही असंच पकडतो, लेखक कितीही फारसी झाडू दे, एखाद्या शब्दात त्याचं गाव बाहेर पडतंच.

सह्यकडा

पूर्वार्धात एक जागा आहे तिच्यावर कुणीच बोललं नाही. एक दरवाज्याची चौकट, तिच्यात उभी बाई, आणि एक धर्मगुरू हात लांब करून तिच्या चेहऱ्याला लावतोय. वर लिहिलंय, "जिथे एक धर्मगुरू आणि एल्फगिवा..." आणि वाक्य तिथेच संपतं! क्रियापदच नाही. खालच्या किनारीत नेमका तिथेच एक नागडा माणूस. त्या काळच्या लोकांना हे प्रकरण इतकं माहीत असणार की पुढे लिहायची गरज वाटली नाही. साडेनऊशे वर्षं लोक डोकं खाजवतायत.

तिरकस

गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, त्याचं सर्वात लांबलेलं उदाहरण.

घाटावरची_माई

त्या अख्ख्या मुख्य पट्ट्यात बायका किती? तीन. ही एल्फगिवा, हॅरल्डच्या आधीचा राजा एडवर्ड याच्या मरणशय्येशी बसलेली राणी, आणि तिसरी एक बिननावाची. नॉर्मन सैनिक घर पेटवतायत आणि ती मुलाचा हात धरून बाहेर पडतेय. किनारीत आणखी एक-दोन असतील. सहाशे माणसांत तीन.

मला वाद घालायचा नाही, पण ज्या कुणी ते घर भरलं, त्यांना आखून दिलेली रेघ भरताना काहीच वाटलं नसेल?

चिकित्सक

वाटलं असेलच. पण वाटलं हे कापडावरून सिद्ध होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

सुईदोरा

सिद्ध होईल असं एक सांगते, आईनंच शोधलंय. ही पट्टी एकसंध नाही, लिननचे नऊ तुकडे जोडून केलीय. पहिले दोन सुमारे चौदा-चौदा मीटरचे, पुढचे आखूड. पहिल्या तुकड्याला दुसरा जिथे जोडलाय तिथे वरच्या किनारीची रेघ जुळत नाही! वेगवेगळ्या बायका वेगवेगळ्या जागी बसून भरत होत्या आणि नंतर जोडताना फसगत झाली. पुढचे जोड इतके बेमालूम आहेत की शोधायला लागतात. म्हणजे पहिल्या जोडानंतर कुणीतरी कान उपटले असणार.

आईनं त्या जागेकडे बोट दाखवून सांगितलं, "हे माझ्या क्लासचं पहिलं गॅदरिंग." (१९९१. पडद्याचे तीन भाग तीन बॅचना दिले होते. मधल्या बॅचचा वेल एक इंच खाली आला.)

टाक्यांचं राहिलं होतं, तेही सांगते. बाह्यरेषा आणि अक्षरं दांडीच्या टाक्यानं. आतला भाग भरताना लोकरीचे लांब धागे शेजारी शेजारी आडवे पसरायचे. प्रत्येक वेळी सुई कडेला खाली जाते आणि तिथेच शेजारून वर येते, त्यामुळे मागे फक्त ठिपके पडतात. मग त्यांच्यावर काटकोनात, थोड्या थोड्या अंतरावर दुसरे धागे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी दाबून धरायचे. जवळपास सगळी लोकर पुढेच राहते. महाग रंगवलेली लोकर मागे वाया का घालवायची? आईला हा हिशेब फार पटला. रंग तीनच वनस्पतींचे, मंजिष्ठाच्या जातीची एक, पिवळ्यासाठी वेल्ड आणि निळ्यासाठी वोड. त्यांतून दहाएक छटा काढल्यात. चेहरे आणि हात भरलेच नाहीत, नुसती रेघ, आत कोरं लिनन.

आणि घोडे! जवळचे पाय एका रंगाचे, पलीकडचे दुसऱ्या. निळ्या घोड्याला हिरवे पाय लागतात कारण ते पाय लांब आहेत. जवळ-लांब दाखवायचं गणित माहीत नव्हतं, म्हणून रंगानं अंतर दाखवलं.

पिंगुळीकर

मी कुडाळचा. हे सगळं वाचताना आमच्या गावचे चित्रकथी डोळ्यांपुढे आले. ठाकर समाजाचे लोक रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं कागदावर काढून त्यांची पोथी करायचे, मग एकेक चित्र समोर धरून गाऊन सांगायचे. चित्राला गोष्ट पुरी कळत नाही, सांगणारा लागतो.

बायोच्या पट्टीवरची किती वाक्यं 'हिक' या शब्दानं सुरू होतात बघा. हिक म्हणजे 'इथे'. इथे हॅरल्ड समुद्रात निघाला. इथे राजा एडवर्ड पलंगावर. इथे हॅरल्ड राजा मारला गेला. हे वाचायचं लिखाण वाटतच नाही, काठी टेकवून दाखवणाऱ्याचं बोलणं वाटतं. चर्चमध्ये ही पट्टी भोवताली लावून कुणीतरी चालत चालत सांगत असणार, असं मला आपलं वाटतं.

बखरवाला

लावत होतेच. बायोच्या कॅथीड्रलची १४७६ ची सामानाची यादी उपलब्ध आहे, या कापडाचा पहिला पक्का लेखी उल्लेख त्यात सापडतो. लांब, अरुंद कापड, त्यावर इंग्लंडच्या विजयाची चित्रं नि मजकूर, आणि वर्षातून ठराविक सणाला चर्चच्या मधल्या दालनाभोवती टांगायचं. म्हणजे त्याआधीची चारशे वर्षं कागदावर काहीच नाही.

आणि गोष्ट सरळ रेषेत नाही हेही बघा. राजा एडवर्डची अंत्ययात्रा आधी येते आणि मरण नंतर! प्रेत उजवीकडून डावीकडे चाललंय, वेस्टमिन्स्टरकडे. चर्च नवंकोरं, एक माणूस छतावर अजून वाऱ्याचा कोंबडा बसवतोय. मग पुढच्या चौकटीत राजा जिवंत, बोलतोय, आणि त्याखाली मेलेला.

सह्यकडा

त्याच्या पुढेच धूमकेतू. हॅले. १०६६ च्या एप्रिलमध्ये दिसला होता, लोक बोटं दाखवतायत, वर "हे ताऱ्याचं नवल करतायत." हॅरल्ड सिंहासनावर वाकडा झालाय आणि खालच्या किनारीत रिकाम्या जहाजांच्या नुसत्या बाह्यरेषा. न आलेल्या आरमाराची सावली. भरायची राहून गेलीत असं वाटतं पण मुद्दामच पोकळ ठेवलीत.

अनघा_गुवाहाटी

किनारीत इसापच्या गोष्टीही आहेत ना? कोल्हा, कावळा आणि चीज. लांडग्याच्या घशात अडकलेलं हाड काढणारा करकोचा तर आपल्या बौद्ध जातककथांत आहे, तिथे लांडग्याच्या जागी सिंह आणि करकोच्याच्या जागी सुतार पक्षी. उपकार करून दगाफटका पदरात घेतलेल्याची गोष्ट शपथेच्या गोष्टीखाली भरायची, यात नेमका दगाबाज कोण हे बघणाऱ्यावर सोडलंय.

मी नोकरीनिमित्त आसामात आहे म्हणून आणखी एक. वृंदावनी वस्त्र. सोळाव्या शतकात श्रीमंत शंकरदेवांच्या देखरेखीखाली कृष्णलीला रेशमात विणल्या गेल्या, कोच राजघराण्यातल्या चिलारायाच्या इच्छेवरून. हे मागावरचं काम आहे, साळ्याच्या नातवाला आवडेल. कालियामर्दन, बकासुर, गोपींची वस्त्रं, आणि अक्षरंही विणलेली. त्याचा साडेनऊ मीटरच्या आसपासचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो तिथे थेट आसामातून नाही, तिबेटमार्गे गेला. १९०३-०४ च्या इंग्रजांच्या ल्हासा मोहिमेबरोबर गेलेल्या एका बातमीदारानं आणला. वैष्णव वस्त्र बौद्ध मठांच्या मुलखात तुकडे जोडून वापरलं जात होतं. इथे त्याच्याबद्दल लोक ज्या सुरात बोलतात तो सूर सामानाचा नसतो, माहेरी न आलेल्या मुलीचा असतो. २०२७ मध्ये ते प्रदर्शनासाठी आसामात आणायचं ठरलंय.

चिकित्सक

गंमत म्हणजे त्याच ब्रिटिश म्युझियममध्ये बायोची पट्टी यायची ठरली आहे, सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७. बायोचं संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद असताना. कापड नऊशेहून अधिक वर्षांनी जिथे बहुधा भरलं गेलं त्या देशात परत. फ्रान्समध्ये विरोधही झाला, आणि तो उगीच नव्हता. २०२० मध्ये तपासणी झाली तेव्हा २४ हजारांवर डाग, १६ हजारांवर चुण्या आणि साडेनऊ हजारांवर लहानमोठ्या विरलेल्या जागा मोजल्या गेल्या.

वाचली कशी हेच नवल. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ मध्ये लष्करी गाड्यांवर ताडपत्रीसारखी घालायला काढली होती, तिथल्या एका वकिलानं अडवली. १८०३ मध्ये नेपोलियननं पॅरिसला नेऊन मांडली, कारण त्यालाही इंग्लंडवर उतरायचं होतं. १९४१ मध्ये नाझींच्या संशोधकांनी जर्मन पूर्वजांचा पराक्रम म्हणून तिचा अभ्यास केला. ज्याला इंग्लंड जिंकायचंय त्याला ती आपली वाटते.

साळ्याचा_नातू

ताडपत्रीवरून आठवलं. फ्रान्समध्येच आँजे इथे एक खरी टॅपेस्ट्री आहे, बायबलमधल्या जगाच्या अंताच्या दर्शनाची. आँजूचा ड्यूक पहिला लुई यानं १३७० च्या दशकात करवून घेतलेली. मूळ सुमारे १४० मीटर, आता शंभरेक मीटर उरलीय. क्रांतीनंतर तिचे तुकडे घोड्यांच्या तबेल्यात लावले जात आणि थंडीत संत्र्याच्या झाडांवर घातले जात.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. तीही पैठणीसारखी दोन्ही बाजूंनी सारखी विणलीय, धाग्यांची टोकं आत लपवून. मागे अस्तर होतं, ते काढल्यावर आतले रंग तसेच्या तसे निघाले. पुढून निळ्या झालेल्या जागा मागून हिरव्यागार. फोटो बघितले तेव्हा मला आजोबांची आठवण आली, बाकी काही सुचलं नाही.

सुईदोरा

बायोचंही तेच! १९८२-८३ च्या हिवाळ्यात नव्या जागी नेण्याआधी अस्तर सोडवलं आणि तज्ज्ञांनी मागची बाजू नीट तपासली, फोटो काढले. तिथे रंग जास्त ताजे आहेत. मी ते फोटो आईला लॅपटॉपवर दाखवले. चष्मा काढून पुसून पुन्हा लावला. मग म्हणाली, "स्वच्छ आहे गं." तिच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला दहावीलासुद्धा मिळालं नव्हतं.

मांडवीकाठ

गोव्याहून. पोर्तुगिजांनी सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालात सातगावकडे मोठमोठ्या चादरी भरून घेतल्या, पांढऱ्या सुतावर पिवळं तसर रेशीम, साखळी टाका. सॉलोमन राजाचा न्याय, हर्क्युलिस, मध्येच शिकारी पोर्तुगीज आणि किनारीला आपले मासे-हत्ती. गोष्ट गिऱ्हाइकाची, हत्ती मात्र भरणाऱ्याच्या परसातले.

सुईदोरा

तसरवरून एक धागा परत लीकला जातो. एलिझाबेथबाईंचे यजमान थॉमस वॉर्डल रेशीम रंगवण्याच्या धंद्यातले, आणि भारतीय तसर युरोपात रंग धरत नाही हे कोडं सोडवण्यात त्यांनी वर्षं घातली. नक्कल चालू होती त्याच सुमारास ते रेशमाच्या कामासाठी भारतात येऊन गेले. नकलेची लोकरही त्यांनीच रंगवून दिली.

घाटावरची_माई

कर्ता-करविता-भरणारी यावर इतकं चाललंय तर चिलीच्या बायकांचं सांगते. १९७३ मध्ये तिथला लष्करप्रमुख पिनोशे यानं सत्ता बळकावली आणि माणसं नाहीशी व्हायला लागली. सांतियागोतल्या बायका, कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा मुलगा, चर्चच्या आसऱ्याला जमून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवायला लागल्या. त्यांना आर्पियेरा म्हणतात, शब्दाचा अर्थच गोणपाट. कधी हरवलेल्या माणसाच्याच शर्टाचं कापड. छोट्या छोट्या बाहुल्या, मागे अँडीज पर्वत, वर सूर्य, आणि दारात फोटो धरून उभी बाई. सरकारला वाटायचं बायकांची करमणूक आहे, तोवर ती चित्रं देशाबाहेर पोचली.

इथे आखणारी तीच आणि शिवणारीही तीच. आणि सुईदोरा, आईंना हे मुद्दाम सांग. कित्येक आर्पियेरांच्या मागच्या बाजूला एक छोटा खिसा शिवलेला असे. त्यात चिठ्ठी. काय घडलं ते लिहिलेली.

चिकित्सक

हे माहीत नव्हतं. माई, इथे मी वाद घालत नाही.

तिरकस

नोंद घ्यावी, चिकित्सक गप्प. धागा वाचनखुणांत साठवला आहे.

घाटावरची_माई

आमच्याकडची वाकळ पण अशीच हो, चित्र नसतं एवढंच. हे आजेसासूबाईंचं लुगडं, हा मामंजींचा सदरा, हे थोरलीचं झबलं. त्या भरत बसायच्या तेव्हा धावदोऱ्याबरोबर नावं घेत जायच्या. बंगालच्या कांथातही जुन्या साड्या, आणि रंगीत दोरा साडीच्याच काठातून काढलेला. त्यावर मात्र बायका खरंच गोष्टी भरतात.

सह्यकडा

शेवटाचं कुणीतरी सांगा. हॅरल्डच्या डोळ्यात बाण लागतो की नाही?

चिकित्सक

"इथे हॅरल्ड राजा मारला गेला" या वाक्याखाली दोन जण आहेत. एक डोळ्याशी काहीतरी धरून उभा, दुसरा तलवारीनं कापला जाऊन पडणारा. अठराव्या शतकात काढलेल्या जुन्या चित्रात पहिल्याच्या हातात बाण नाही, भाल्यासारखी दांडी आहे, पिसं नाहीत. मधल्या काळात डागडुजी झाली. त्यामुळे प्रसिद्ध बाण हा दुरुस्ती करणाऱ्याच्या सुईतून आलेला असू शकतो.

आणि शेवट नाहीच. इंग्रज पळतायत, खालच्या किनारीत प्रेतांची चिलखतं उतरवणं चाललंय, आणि कापड फाटलेलं. विल्यमचा राज्याभिषेक पुढे असावा असा अंदाज.

सुईदोरा

परवा आईची परतीची फ्लाइट आहे. गेले दहा दिवस तिनं माझ्या एका जुन्या लिननच्या पडद्याचा तुकडा रिंगमध्ये ताणून बसवलाय. इथल्या दुकानातून दोनपदरी लोकर आणली, चार रंग. मला वाटलं घोडा भरेल, निळा, हिरव्या पायांचा.

तिनं ती जळत्या घरातली बाई घेतली. मुलाचा हात धरलेली. तळहाताएवढी. घराच्या ज्वाळा अजून राहिल्यात, त्या मिरजेला जाऊन भरणार म्हणते. खाली कोपऱ्यात मात्र स्वतःचं नाव आत्ताच भरून टाकलंय, दांडीच्या टाक्यानं.

फोटो संध्याकाळी टाकते.

साळ्याचा_नातू

आधी मागचा टाका.